तेलाची पळी आणि लीलावती

१८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या एका डॉक्टरांचा लेख छापून आला. विषय होता आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांचा काळ आणि त्यांच्या ग्रंथांचा खरेपणा. लेखक होते डॉ. भाऊ दाजी लाड. रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात जुने लेख वाचायचे, असा त्यांचा शिरस्ता. खानदेशातल्या चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचं एकेकाळचं भरलं गाव आहे. तिथल्या भवानीच्या पडक्या देवळात त्यांना एक शिलालेख मिळाला होता. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ, एका मठाची स्थापना आणि त्या मठाला दिलेली दानं असा त्यातला मजकूर. पुढे प्राच्यविद्यापंडित कीलहॉर्न यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात पुन्हा संपादून छापला.

या शिलालेखाचा उल्लेख आपल्याकडे होतो तो भास्कराचार्य खानदेशचे की बीडचे की विजापूरचे, या वादात. तो वाद जाणकारांनी खुशाल चालू ठेवावा. मला या शिलालेखात दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. गणित शिकवायला काय काय लागतं, याचा आठशे वर्षांपूर्वीचा रोखठोक हिशेब त्यात आहे.

आजच्या गणित-शिक्षणाच्या संशोधनात दोन घराणी आहेत. एक म्हणतं, मूल गणित कसं शिकतं हे कळायचं तर त्याच्या डोक्यात काय चालतं ते पाहा: आठवण, कल्पना, चुकांची तऱ्हा. दुसरं म्हणतं, मूल ज्या घरात, बाजारात, भाषेत आणि जातीत वाढतं ते पाहा. डोकं तिथेच घडतं. ही दोन्ही एका खोलीत आणायचा प्रयत्न गेली तीस-चाळीस वर्षं जगभर चालला आहे. खानदेशच्या इतिहासात मात्र ती कधी वेगळी राहिलीच नव्हती. बदलत गेलं ते इतकंच, की त्या खोलीत कुणाला बसू द्यायचं.

आता पाटणकडे. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, हा भास्कराचार्यांचा जन्म. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्याचा पहिला भाग म्हणजे 'लीलावती'. वडील महेश्वर हेच गुरू. शिलालेखातली वंशावळ त्यांच्याही मागे, भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळवलेल्या भास्करभट्टाच्याही पलीकडे जाते. पुढच्या पिढीत मुलगा लक्ष्मीधर. देवगिरीचा यादव राजा जैत्रपाल याने त्याची विद्वत्ता ओळखून त्याला पाटणहून आपल्याकडे नेलं आणि पंडितांमध्ये अग्रस्थानी बसवलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या चांगदेवाने पाटणला मठ काढला. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ इथे अवश्य शिकवले पाहिजेत, अशी अटच शिलालेखात घातली आहे. अभ्यासक्रम दगडावर कोरण्याची ही तऱ्हा. पाठ्यपुस्तक मंडळाने दर दहा वर्षांनी पुस्तकं बदलण्याची सोय तिथे नव्हती.

पण अट कोरून मठ चालत नाही. विद्यार्थ्यांना जेवायला लागतं, दिव्याला तेल लागतं, गुरूच्या घरात चूल पेटावी लागते. त्या भागात तेव्हा यादवांचे मांडलिक निकुंभ घराणं राज्य करत होतं. या घराण्यातला सोइदेव, त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव आणि गावचे इतर लोक यांनी मठाला उत्पन्न लावून दिलं. तिथी श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा दिवस. कीलहॉर्न यांच्या गणिताप्रमाणे ९ ऑगस्ट १२०७. ग्रहणाच्या दिवशी दान द्यायचं हे पुण्याचं. शिवाय ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी दान मिळावं, यात चांगदेवाची हौस दिसते, असं मला वाटतं.

वंशावळ आणि स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. दानाच्या व्यवहाराला हात घातल्यावर मात्र कोरणाऱ्याने संस्कृत बाजूला ठेवून मराठी धरली. साहजिकच होतं, ज्याच्याकडून वसुली करायची त्याला कळलं पाहिजे. मराठीतल्या फार जुन्या लेखांपैकी हा एक, आणि त्याचा विषय शाळेचा खर्च!

पाटणच्या पेठेत जो माल विकला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळे ते राजाने मठाला दिलं. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना जो हक्क मिळे तो ब्राह्मणांनी दिला. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा हिस्सा नगराने दिला. पाच पोफळी गिऱ्हाइकाकडून. गावात जितके घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे एकेक पळी तेल. आणि सगळ्यात पोटात शिरणारं कलम असं: गावात जे काही मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं, मापणावळीचा अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापणाऱ्यांचा. वर जमीनही.

हे शेवटचं कलम नीट पाहावं. गणित शिकवणाऱ्या संस्थेकडे गावचं प्रमाण माप ठेवलं आहे. धान्याचा दाणा विकला गेला की मठाचं माप हलणार. मठातला पंडित सिद्धान्तशिरोमणीतला गोलाध्याय शिकवत असेल, बाहेर मापाडी त्याच्याच मापाने ज्वारी भरत असेल. विद्या आणि पेठ यांच्यातलं नातं इतकं उघड पुन्हा क्वचित लिहिलं गेलं.

पेठेचा वास लीलावतीतही आहेच. ग्रंथाची सुरुवात परिभाषेने होते: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग सोनं तोलायची मापं, लांबीची, धान्याची. संख्या आणि त्यांच्या क्रिया त्याच्या मागून येतात. पुढे त्रैराशिक, व्याज, मालाची अदलाबदल, सोन्याची भेसळ, धान्याच्या राशी, सावली. आणि प्रत्येक सूत्रामागे उदाहरण. कधी 'बाले' म्हणून, कधी 'सखे' म्हणून समोरच्याला हाक मारून विचारलेलं.

यातलं एक उदाहरण जवळून पाहण्याजोगं आहे. नऊ हात उंच खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या माथ्यावर मोर. साप बिळापासून सत्तावीस हात दूर आहे आणि बिळाकडे येतो आहे. मोराने त्याला पाहिलं आणि तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? शिकणाऱ्याने आधी डोळ्यांपुढे काटकोन उभा करायचा. नऊचा वर्ग एक्याऐंशी. त्याला सत्ताविसाने भागलं की तीन. सत्ताविसातून तीन वजा केले की चोवीस. त्याचं निम्मं बारा. गाठ बिळापासून बारा हातांवर, आणि दोघंही पंधरा हात धावले. सूत्र दोन ओळींचं, पाठ होणारं. चित्र मात्र असं की विसरता विसरत नाही. पाठांतर आणि कल्पना एका श्लोकात बांधण्याची ही हातोटी भास्कराचार्यांची. सातशे वर्षं लोकांनी लीलावती उगाच उराशी धरली नाही. गणितातलं खरं बीज म्हणजे बुद्धीच, असंही त्यांनी 'बीजगणित' या आपल्या ग्रंथात बजावून ठेवलं आहे. पाठांतर हे त्या बुद्धीच्या हाताशी राहावं म्हणून.

तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. घाण्यामागे पळीभर तेल देणाऱ्या तेल्याचं पोर या मठात लीलावती शिकायला बसलं असेल, असं मानायला काडीचाही आधार नाही. शिकवणं संस्कृतात, विद्या घराण्याची. पंधरा वर्षांनी, शके ११४४ मध्ये, गिरणेकाठच्या बहाळला भवानीचं देऊळ बांधून लेख कोरवणारा अनंतदेव भास्कराचार्यांच्या भावाचा, श्रीपतीचा, नातू; तोही सिंघणाचाच ज्योतिषी. पैसा सगळ्या गावाचा आणि बाक एका कुळाचं, अशी ती व्यवस्था होती. तिची थोरवी सांगताना ही बाजू झाकली जाते.

पुढच्या शतकात यादव गेले. खानदेश फारुकी सुलतानांकडे आला, थाळनेर आणि बऱ्हाणपूर ही सत्तेची ठिकाणं झाली. लीलावतीचं मात्र मठावाचून अडलं नाही. १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली आणि सूत्रांच्या उपपत्त्या दिल्या. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने तिचं फारसी भाषांतर केलं. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात पडलेला मोती, तिच्या लग्नाचा हुकलेला मुहूर्त, ही सगळी कथा आपल्यापर्यंत आली ती या फैजीच्या प्रस्तावनेतून. आणि योग असा की चारच वर्षांनी, १५९१ मध्ये, अकबराने याच फैजीला वकील म्हणून बऱ्हाणपूरला फारुकी सुलतान राजा अली खानाकडे पाठवलं. लीलावतीचा भाषांतरकार लीलावतीच्या मुलखात राजकारणासाठी आला!

१८१६ मध्ये मुंबईला जॉन टेलर यांचं आणि १८१७ मध्ये लंडनला कोलब्रुक यांचं लीलावतीचं इंग्रजी भाषांतर निघालं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहायला आला. त्याने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. इंग्रजांच्या हाती लीलावती आधी लागली, खानदेश मागाहून.

त्यांना इथे जे गणित चालू सापडलं ते मात्र लीलावतीचं नव्हतं. ते पंतोजींच्या शाळेतलं, धुळपाटीवरचं. ओसरीत किंवा देवळात शाळा. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडा काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. मोडी वाचन, जमाखर्च आणि पाढे. संध्याकाळी दिवा लागला की परवचा. एकापासून तीसपर्यंतचे पाढे झाले की अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. एक औट औट, दोन औटे सात, तीन औटे साडेदहा, असं करत वर चढायचं.

आजच्या वाचकाला हे निव्वळ घोकंपट्टी वाटेल. पण साडेतीन शेर जिन्नस सात आणे शेराने घ्यायचा आहे असं धरा. सात औटे साडेचोवीस. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. गिऱ्हाईक पिशवीचं तोंड उघडेपर्यंत दुकानदाराचा आकडा तयार. आपण शाळेत शिकलो ती रीत अशी: पस्तीस गुणिले सात, हातचे तीन, दोनशे पंचेचाळीस, मग दशांश चिन्ह. कागद हवा, पेन्सिल हवी. रुपया, आणा, शेर, मण यांची सारी वाटणी अर्ध्या-पावाने आणि सोळाने होत होती म्हणून पावकी-दिडकी जन्माला आली, आणि ती पाठ असल्यामुळे डोक्यातली जागा पुढच्या विचाराला मोकळी राहत होती. बाजाराने डोक्याला वळण लावलं, डोक्याने बाजार सोपा केला. दोन्हींतलं एक काढून दुसऱ्याचा अभ्यास करता येत नाही, हे सांगायला मोठी परिभाषा लागू नये.

मात्र या शाळेचंही दार अरुंदच होतं. वाणी, ब्राह्मण, कारकुनी पेशातली घरं, काही सधन कुणबी. मुली नाहीत, अस्पृश्य नाहीत, सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल तर नाहीतच. मठापेक्षा ही शाळा रुंद खरी, पण ज्याला हिशेब ठेवायचा आहे त्यालाच हिशेब शिकवायचा, हा तिचा नियम होता. ज्याचा हिशेब ठेवला जातो तो बाहेर.

त्याची किंमत खानदेशात रोख मोजली गेली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. रेल्वे याच सुमाराला खानदेशात शिरली, जळगाव कापसाची पेठ म्हणून वर आलं. भाव चढले, पैसा खेळला, आणि युद्ध संपताच भाव कोसळले. वही सावकाराची, व्याजाची आकारणी सावकाराची, अंगठा कुणब्याचा. १८८२ साली हंटर शिक्षण कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन ठेवलं, त्यात प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेब हवा अशी मागणी आहे. फुले पुण्याचे, पण ती मागणी खानदेशातल्या कुठल्याही कर्जखताच्या तळाशी असलेल्या अंगठ्याला लागू पडते.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं झपाट्याने ओलांडू. सरकारी शाळा वाढल्या, पंतोजी मागे पडले, छापील अंकगणितं आली. परवचा मात्र घराघरांत टिकला, कारण आणे-पै टिकले होते. मग १ एप्रिल १९५७ आला. चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पयांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शेर-मण जाऊन किलोग्रॅम सक्तीचा झाला. व्यवहार दहाच्या पटीत आला आणि औटकीच्या पायाखालची जमीन सरकली. कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाने पावकीविरुद्ध पुस्तक लिहिलं नव्हतं. नाणं बदललं, माप बदललं, आणि काही वर्षांत मुलांच्या डोक्यातली एक अख्खी व्यवस्था निकामी झाली. दशमान पद्धत उत्तम आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तोंडी हिशेबाची जी सवय तिच्याबरोबर गेली, तिच्या जागी शाळेने काही आणलं नाही.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा पुन्हा जळगाव जिल्ह्यातच घडला, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला. हे गाव धनाजी नाना चौधरींचं. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं, ते याच परिसरात. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव पुढे राज्याचे शिक्षणमंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. गावात जनता शिक्षण मंडळाने शाळा-महाविद्यालयांचा पसारा उभा केला होता. तिकडे मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. केंद्राची धुरा वि. गो. कुलकर्णी यांच्याकडे; मूळचे पदार्थवैज्ञानिक. शाळेतलं विज्ञान आणि गणित का अडतं हे प्रयोगशाळेत बसून कळणार नाही, खेड्यातल्या शाळेत जावं लागेल, असं या मंडळींनी ठरवलं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात खिरोद्याच्या मंडळाच्या साथीने त्यांनी आसपासच्या ग्रामीण शाळांत काम सुरू केलं. खिरोदा प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो.

मूलभूत संशोधनाच्या संस्थेतले लोक केळीच्या बागांमधून शाळेत येतात, हे दृश्य तेव्हा नवलाचं असणार. त्यांच्यापुढे आलेला प्रश्न मात्र जुनाच होता. पुस्तकातली मराठी प्रमाण, छापील, संस्कृत शब्दांनी लगडलेली. मुलांच्या घरात लेवा बोली, अहिराणी, तडवी, पावरी. 'एका आयताकृती क्षेत्राची परिमिती काढा' असं म्हटलं की मूल गप्प. शेताच्या बांधाला चारी बाजूंनी तार किती लागेल, हे विचारलं की तेच मूल बोलू लागतं. अडचण गणिताची की भाषेची? कुलकर्णी आणि वि. गो. गंभीर यांनी १९८१ मध्ये शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणातल्या भाषिक अडसरावर लेख लिहिला. केंद्राने पाठ्यपुस्तकातला मजकूर सोप्या मराठीत लिहून तो वर्गांत वापरून पाहिला, तेव्हा मुलांची समज वाढलेली दिसली आणि वर्गात त्यांचं बोलणंही वाढलं. पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम करताना सुधाकर आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही हेच आढळलं: नेमके अडसर शोधून काढून टाकले की 'ढ' ठरवलेली पोरं भराभर वर येतात.

या कामाचं मोल त्या काळाच्या हिशेबाने मापावं. मुलाला गणित येत नाही याची दोन उत्तरं तेव्हा तयार असत. त्याची बुद्धीच तेवढी, हे एक. त्याची परिस्थिती तशी, हे दुसरं. दोन्ही उत्तरं शिक्षकाला घरी जायला मोकळीक देतात. खिरोदा आणि त्यानंतरच्या कामाने तिसरी वाट दाखवली. परिस्थिती डोक्यात नेमकी कुठे आडवी येते ते शोधायचं. कधी एका शब्दात, कधी प्रश्नाच्या मांडणीत, कधी चूक कबूल करायच्या भीतीत. मग तेवढंच दुरुस्त करायचं.

जगात याच सुमाराला काय चाललं होतं? १९७६ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला गणित-शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गणिताच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणारा स्वतंत्र गट निघाला. त्यांचा भर डोक्यावर. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरातून तेरेझिन्हा काराहेर आणि सहकाऱ्यांचा लेख आला आणि खळबळ माजली. रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांना त्यांनी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर. तीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तर चौऱ्याहत्तर, आणि नुसत्या आकड्यांत मांडून दिली तर अवघे सदतीस. एका मुलाला दहा नारळांचे किती विचारलं. नारळ पस्तीसचा. त्याने पस्तीसवर शून्य ठेवलं नाही. तिनाचे एकशेपाच त्याला पाठ होते, त्यात तीन-तीनचे गट मिळवत तो तीनशे पन्नासला पोचला. पंतोजींनी त्याच्या पाठीवर थाप दिली असती.

त्यानंतर सामाजिक बाजूचा जोर इतका वाढला की २००० साली स्टीफन लर्मन यांनी त्याला गणित-शिक्षणातलं सामाजिक वळणच म्हटलं. दरम्यान अमेरिकेत पॉल कॉब यांनी १९९४ मध्ये मन नेमकं कुठे असतं, डोक्यात की व्यवहारात, असा प्रश्न विचारून दोन्ही बाजूंना एकमेकींची गरज असल्याचं मांडलं. १९९६ मध्ये एर्ना याकेल यांच्यासोबत त्यांनी वर्गातल्या अलिखित नियमांकडे लक्ष वेधलं: या वर्गात 'वेगळी रीत' कशाला म्हणायचं, पटेल असं स्पष्टीकरण कोणतं, हे शिक्षक आणि मुलं मिळून ठरवतात, आणि त्यातूनच एकेकाची समज घडते. होमी भाभा केंद्रातल्या संशोधकांनी पुढे धारावीत काम करणाऱ्या मुलांचं गणित अभ्यासलं. पैशाचे आणि मापाचे तोंडी हिशेब सफाईने करणाऱ्या या मुलांना शाळेच्या वहीत त्यांचा उपयोग होत नव्हता.

हे सगळं जर्नलमध्ये राहिलं असतं तर सामान्य वाचकाला त्याचं काय? पण जून २०१९ मध्ये ते थेट घराघरांत आलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्र पेटला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरही कोट्या झाल्या. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू डोक्याच्या अंगाने बिनतोड होती. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना सहा आधी लिहायचे, त्यात जोडाक्षरं, सहा-सात वर्षांचं मूल गोंधळतं. विरोधकांची बाजू, टिंगल वजा केली तर, पेठेची होती: आजी त्रेसष्ट म्हणते, दुकानदार त्रेसष्ट म्हणतो, मुलाने घरी कुठली भाषा बोलायची? जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही शिकवायची आहेत, असं नारळीकर सांगत होत्या. ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. माझ्या मते पुस्तकातला बदल योग्य होता आणि तो आणायची पद्धत चुकली. घरातल्या आजीला आधी विश्वासात घेतलं असतं, शिक्षकांच्या बैठकांतून तो वर्षभर फिरवला असता, तर कोट्या करायला जागा उरली नसती. वर्गात येणारं प्रत्येक गणित घरातूनच येतं, हे खिरोद्याला चाळीस वर्षांपूर्वी दिसलं होतं. मुंबई-पुण्याच्या समित्यांना ते दिसलं नाही.

जळगाव आणि धुळ्याच्या अध्यापक महाविद्यालयांना एक विनंती करून थांबतो. इतिहासाची कागदपत्रं गोळा करायची शिकवण या भागाला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही उभं आहे. पावकी ते औटकी ज्यांनी आण्यांच्या रुपयासाठी पाठ केली, त्यांतला धाकट्यात धाकटा माणूस आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. अमळनेर, चोपडा, साक्री, शिरपूरच्या आठवडे बाजारांत, कापसाच्या जुन्या अडत्यांत आणि किराणा दुकानांच्या गल्ल्यांवर ती माणसं अजून भेटतात. बी.एड.च्या मुलांना फोन घेऊन त्यांच्याकडे पाठवा. नुसते पाढे म्हणून घेऊ नका. प्रत्यक्ष हिशेब घाला, आणि आकडा कुठून कसा काढला ते विचारून, त्यांच्या बोलीत, जसंच्या तसं उतरवून घ्या. अजून दहा वर्षांनी विचारायला कुणी नसेल.